दामूशेठ चुकीच्या जागी हसले

बाजारपेठेच्या एका गावात एक वृद्ध वैद्य राहत असत. निळकंठ नावाचा एक तरुण त्यांच्या हाताखाली शिकत होता. त्याची बुद्धी तल्लख होती. रुग्ण उंबरठा ओलांडून आत येईपर्यंत त्याचे निदान तयार असे आणि बहुधा ते बरोबरही निघे. वैद्यबुवांना काळजी होती ती नेमकी याचीच.

एकदा पितळी भांड्यांचे व्यापारी दामूशेठ यांचा मुलगा यशवंत आला. तो म्हणाला, "बुवा, बाबांचं डोकं काम देईनासं झालंय. विचारावं एक, उत्तर देतात भलतंच. हल्ली तर बोलणंच सोडलंय. त्यांना दुकानातून उठवायचं माझ्या जिवावर येतं, पण आता इलाज दिसत नाही."

"वार्धक्यातला स्मृतिभ्रंश," निळकंठ तत्काळ म्हणाला. "ब्राह्मीचं तूप सुरू करू या."

 वैद्यबुवांनी फडताळातून एक जुनी रहस्यकादंबरी काढली आणि निळकंठाच्या हाती दिली. "रोज दुपारी जा आणि शेठना ही वाचून दाखव. पुस्तक संपल्यावर औषधाचं पाहू."

निळकंठ मनातून चरफडला. पण गुरूंचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

ती कादंबरी मोठी संथ होती. एका बंगल्यातून मोत्यांचा कंठा नाहीसा होतो आणि एक निवृत्त पोस्टमास्तर त्याचा शोध घेऊ लागतो. तो कोणाचा पाठलाग करत नाही, कोणाला दरडावत नाही. संशयितांच्या घरी चहा घेतो, त्यांच्या गुलाबांची चौकशी करतो आणि घरी परततो.

"गुरुजी, इतकी प्रकरणं झाली, हा गृहस्थ अजून चहाच पितोय!" निळकंठाने तक्रार केली.

"असं? मग चहा देताना कोणाचा हात थरथरला?"

 दुसऱ्या दिवशी निळकंठाने तीच पाने पुन्हा वाचली, या वेळी सावकाश. हात थरथरला होता तो बंगल्याच्या मालकिणीचा. त्या दिवसापासून त्याला पुस्तकाची गोडी लागली. शेठही तल्लीन होत. विनोद आला की हसत, संकट आले की पुढे सरकत.

ज्याला स्मृतिभ्रंश झाला आहे, त्याला कालचे प्रकरण आज कसे आठवते? निळकंठाला प्रथमच स्वतःच्या निदानाची शंका आली.

एके दुपारी खिडकीतून ऊन डोळ्यांवर आले, म्हणून त्याने पुस्तक चेहऱ्यासमोर उंच धरले. म्हातारा माळी आपल्या मृत मुलाची आठवण सांगतो, तो प्रसंग चालू होता. 

आणि दामूशेठ मोठ्याने हसले.

निळकंठाने पुस्तक हळूच खाली केले. शेठची नजर त्याच्या ओठांवर होती. तो पाणी पिण्याच्या निमित्ताने उठला आणि त्यांच्या पाठीमागून म्हणाला, "शेठ, तुम्हालाही पाणी देऊ?" शेठ हलले नाहीत.

तो समोर येऊन बसला. "ऐकू येत नाही ना?"

दामूशेठांनी मान खाली घातली. "गिऱ्हाईक पातेलं मागायचं, मी परात काढायचो. लोक हसायचे. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा गप्प बसणं बरं वाटलं. तू समोर बसून सावकाश वाचतोस, तोंडाकडे पाहिलं की सारं समजतं. आज पुस्तक आड आलं, म्हणून अंदाजानं हसलो. घरात सगळे चालता चालता बोलतात रे, पाठमोरे."

निळकंठ धावतच गुरूंकडे गेला. "आपल्याला हे ठाऊक होतं?"

"मुळीच नाही," वैद्यबुवा म्हणाले. "एवढंच ठाऊक होतं की त्यांच्याविषयी सर्वांनी निकाल दिला होता, त्यांच्याजवळ बसलं मात्र कोणी नव्हतं. तुला बस म्हटलं असतं, तर तू घड्याळाकडे पाहत बसला असतास. रहस्यकथेत मात्र आपण प्रत्येक माणसाला निरखतो, त्याच्या हाताचा कंपही सोडत नाही. आणि कथा संथ असली, म्हणजे निरखायला सवड मिळते. ती सवय पुस्तकाबाहेर थोडी सांडावी, एवढीच माझी आशा होती."

पुढे शहरातल्या डॉक्टरांनी शेठना कानात घालायचे यंत्र दिले. सारेच ऐकू येई असे नाही. पण ते पुन्हा दुकानात बसू लागले.

निळकंठ मात्र दुपारी जातच राहिला. शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी, आतापर्यंतची गोष्ट वडिलांकडून ऐकलेला यशवंतही दुकान बंद करून आला आणि वडिलांना आपला चेहरा दिसेल असा त्यांच्या समोर बसला.

"बाबा, चोर कोण असेल?"

"मालकीणच!" शेठ ठामपणे म्हणाले. "तिचा हात थरथरला होता."

"माझा संशय माळ्यावर आहे."

"तुला माणसं कळत नाहीत," शेठ म्हणाले, आणि बापलेक कित्येक महिन्यांनी कडाकडा भांडले.

निळकंठाने बोटाने चाचपून पाहिले. थोडीच पाने उरली होती. त्याने वाचण्याचा वेग आणखी कमी केला.