दहांविरुद्ध दहा

एकदा एका वृद्ध खेळाडूने ऐन सामन्यात आपल्याच सर्वोत्तम शिष्याला मैदानाबाहेर बोलावले. गोष्ट व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, इंग्लंडातल्या एका गिरणगावची. हे गृहस्थ तरुणपणी हिवाळ्यात फुटबॉल आणि उन्हाळ्यात क्रिकेट खेळले, दोन्हींत नाव कमावले आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर शिकवू लागले. गावात फुटबॉलचे संघ दोन, वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा. क्रिकेटचा मात्र एकच. त्यामुळे हिवाळाभर एकमेकांच्या नडग्या फोडणारी मंडळी उन्हाळ्यात गुमान एका संघातून खेळत.

त्या दिवशी दोन्ही आळ्यांचा चषकाचा सामना होता. बरोबरी झाली होती, अर्धा तास उरला होता. प्रांताचा संघ निवडणारे गृहस्थ कडेला उभे होते आणि ते वरच्या आळीच्या या शिष्यालाच पाहायला आले आहेत, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. तेवढ्यात खालच्या आळीचा सर्वांत तरबेज गडी, धंद्याने विणकर, जोरात आपटला आणि त्याचा खांदा निखळला. बदली खेळाडू उतरवण्याची पद्धत तेव्हा नव्हती. त्यांचे दहाच उरले.

वरच्या आळीला शिकवणाऱ्या वृद्धाने शिष्याला हाक मारली. "तू बाहेर ये. आपलेही दहाच खेळतील."

शिष्य आला, पण धुमसत. वरची आळी एका गोलाने हरली. निवड करणारे गृहस्थ केव्हाच निघून गेले होते.

"सर, असा नियम कुठे आहे?" शिष्याने विचारले.

"कुठेच नाही."

"मग एखाद्या कच्च्या गड्याला बसवायचं होतं! मलाच का?"

"त्यांचा कच्चा गडी पडला असता, तर आपलाही कच्चाच बसवला असता. तुझं नुकसान झालं, बाळ, आणि ते मी केलं. भरून देण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

शिष्य पाठ फिरवून चालता झाला. खरे सांगायचे तर त्याचा राग रास्त होता; उपदेश ऐकून कुणाची हुकलेली संधी परत येत नाही. प्रांताच्या संघात दुसराच कुणी गेला. शिष्याने गुरूंशी बोलणे टाकले.

मे महिना उजाडला, क्रिकेट सुरू झाले. शेजारच्या गावाशी सामना होता. शेवटची जोडी मैदानात, जिंकायला एक धाव हवी. फलंदाजी करीत होता तो विणकर, खांदा नुकताच सांधलेला. समोरच्या टोकाला आपला शिष्य. चेंडू विणकराच्या बॅटची कड घेऊन त्याच्या पाठीमागे गेला. तो किती लांब गेला, हे फक्त शिष्याला दिसत होते. धाव अवघडच होती, पण तो ओरडला, "ये!"

विणकर निघाला तो थेट धावतच सुटला. धाव पुरी झाली, सामना जिंकला. गावकऱ्यांनी दोघांना डोक्यावर घेतले.

गलका ओसरल्यावर वृद्धाने शिष्याला हळूच विचारले, "तू हाक दिलीस तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं का रे?"

"नाही, सर."

"तुझ्या वयाचा असताना मीही फुटबॉलचा एक चषक जिंकला, त्यांच्या दहांविरुद्ध आम्ही अकरा. नियमात बसत होतं सगळं. त्यांचा कप्तान पुढे बारा उन्हाळे माझ्यासोबत फलंदाजीला आला. भला माणूस, कधी वावगा शब्द काढला नाही. पण मी हाक दिली की तो आधी मागे वळून चेंडू पाही, मग निघे. बारा वर्षं, बाळ. मला त्याला काही म्हणताही येईना."

हिवाळ्यापासून शिष्य गुरूंच्या शेजारी बसला नव्हता, तो आता बाकावर त्यांना खेटून बसला.

आपण हाक दिली की आपली माणसे आधी मागे वळून पाहतात का, एवढे ज्याने त्याने एकदा आठवून पाहावे.