तायव्वाचे खडे

मैदानाच्या कडेला हा पुरुषभर उंच खड्यांचा ढीग दिसतो ना, त्याला पाव्हणे हटकून हात जोडतात. जोडू नका. देव नाही तो, कुणाची समाधीही नाही.

फार मागं गावात सत्याप्पा नावाचा पाथरवट होता, असं सांगतात. त्याची लेक तायव्वा. पोरीच्या पायांत जन्मापासून जोर नव्हता, हातांवर सरकत चालायची. पोरं इथं शिवणापाणी खेळायची, तीही घुसायची. पण पोरांनी तिला कच्चं लिंबू ठरवलेलं. म्हणजे खेळात घ्यायचं, पण शिवायचं नाही. तिच्यावर कधी राज्य यायचंच नाही. रोज सांजेला सत्याप्पा तिच्या तळहातांत रुतलेले खडे काढी, हळद भरी. आधी आधी त्याचा जीव तुटायचा म्हणे. पुढं काही वाटेनासंच झालं. खडे काढायचे, भाकरी खायची, झोपायचं.

त्यानं देवळाच्या पायऱ्या घडवल्या, तेव्हा पाटील खूश होऊन म्हणाले, "माग काय हवं ते." सत्याप्पाला काही हवंसंच वाटेना. घरी येऊन त्यानं पोरीला विचारलं.

"एकदा माझ्यावर राज्य येऊ दे, आप्पा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाटलांना सांगितलं, एक दिवस सगळ्या गावानं बसून खेळावं. लोक हसले. पाटील मात्र शब्दाचे पक्के. धोतर सावरून त्यांनी धुळीत बैठक मारली. मग काय, कुणाची टाप होती उभं राहायची!

आता गंमत बघा. तायव्वाचा सगळा जन्म सरकण्यात गेलेला, ती सापडते होय कुणाला! भलेभले घामाघूम झाले. उन्हं कलली तेव्हा कुठं पाटलांच्या बहिणीनं, ठकूआत्यानं, तिचा परकर धरला. पोरं सवयीनं ओरडली, "सोडा, कच्चं लिंबू आहे ती!"

"कसलं लिंबू? दुपारपासून हिच्यामागं सरकतेय, कोपरं सोलली माझी! धरली म्हणजे धरली. घे गं राज्य!"

तायव्वानं अशी आरोळी ठोकली म्हणे, की देवळावरची कबुतरं उडाली.

सत्याप्पा कडेला उभा होता. आनंद व्हायला हवा, एवढं त्याला कळत होतं, पण होत नव्हता. पोर आता कुठं सरकेल तेवढं त्यानं पाहिलं, वाकून तिथला खडा उचलला आणि कडेला टाकला. मग दुसरा. बसलेल्यांनी आपापले तळहात पाहिले. सगळेच खडे वेचू लागले.

दुसऱ्या दिवशी सांजेला पोर खेळून आली, सत्याप्पानं तिचे हात पाहिले, तर एकही खडा नाही. हळदीची वाटी तशीच राहिली. हात हातात धरून तो बसला, आणि किती वर्षांनी रडला म्हणतात.

आजही जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गाव पहिला डाव बसून खेळतं, आणि या मैदानात कुठलंच पोर कच्चं लिंबू नसतं. आदल्या दिवशी सगळे खडे वेचतात, मग तो सरपंच असो नाहीतर कुणाचा जावई. म्हणून म्हटलं, हात जोडू नका. वाका जरा, पायाखालचा खडा उचला आणि टाका तिथं.