नथूबाबांचं आमेन

बोरखडीच्या नदीवर पूल नव्हता, बाजाराला जायचं तर पाण्यातूनच जावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. आपल्या ख्रिस्ती वस्तीत नथानेल नावाचा दोर वळणारा राहायचा. सगळे त्याला नथू म्हणत. त्यानं वळलेला दोर तुटत नसे, पण त्याच्या तोंडचा शब्द मात्र अडकायचा. एकदा देवळात त्याला प्रार्थना करायला उभं केलं, तर पहिल्याच शब्दावर तो असा अडला की लोकांना हसू आवरेना. तेव्हापासून तो दाराशी, चपलांजवळ बसू लागला.

एका उन्हाळ्यात गावात पटकीची साथ आली. घरोघरी माणसं आडवी झाली. पाळकसाहेब प्रत्येकाच्या उशाशी जाऊन प्रार्थना करायचे. शेवटी साथीनं त्यांनाही नेलं. मग मरणाऱ्यांजवळ दोन शब्द बोलायला कुणी उरलं नाही.

असं म्हणतात, त्या सकाळी नथू लिंबाखाली दोर वळत होता, आणि कुणीतरी त्याला हाक मारली.

"नथू!"

तो घरात गेला. "स-सालोमी, हाक मारलीस?"

"मी कशाला मारू?" बायको म्हणाली.

पुन्हा हाक आली. या खेपेला नथूला कळलं.

"द-देवा, मी नको. माझी जीभ अशी. लोक ह-हसतील."

उत्तरादाखल परत फक्त त्याचं नावच ऐकू आलं. सालोमीला आवाज ऐकू आला नव्हता, पण नवऱ्याचं तोंड पाहून ती समजली.

"जीभ त्यानंच दिली ना?" ती म्हणाली. "मग ती कशी आहे ते त्याला ठाऊक नाही होय? पाय तर धड आहेत. जा."

नथू गेला. पहिल्याच घरात म्हातारी गजराबाई अखेरच्या घटका मोजत होती. नथूनं डोळे मिटले, आणि 'पित्या' या शब्दावर तो अडला. घामाघूम झाला. म्हातारीनं त्याचा हात धरला.

"सावकाश रे लेकरा. मला कुठं घाई आहे?"

आणि खरंच, त्याची प्रार्थना संपेपर्यंत ती थांबली. मगच गेली, हसतमुखानं. तेव्हापासून लोक म्हणू लागले, नथूची प्रार्थना पुरी झाल्याशिवाय मरणाला उंबरा ओलांडता येत नाही.

मग शालनची पाळी आली. नुकतीच बाळंत झालेली पोर, अंग गार पडलेलं. नथूनं सकाळी प्रार्थना धरली आणि नेमका 'आमेन'वर अडला. ऊन चढलं, सावल्या लांबल्या, तरी शब्द सुटेना. शालनच्या सासूच्या ओठांवर तो शब्द आला होता, पण तिनं पदर तोंडात धरला. नथूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दाराशी मरण ताटकळत बसलं होतं. असं म्हणतात, दिवेलागणीला ते कंटाळलं, उठलं, आणि नदीच्या दिशेनं निघून गेलं.

शालननं डोळे उघडले. "आत्याबाई, पेज द्या," ती म्हणाली.

"आमेन," नथू म्हणाला.

त्यानंतर गावात साथीनं कुणी गेलं नाही. नथूची जीभ काही सुधारली नाही. पण आता कुणाकडे लेकरू झालं, कुणाचं लग्न ठरलं, की आधी बोलावणं नथूबाबांना जायचं. दोर वळत, प्रार्थना करत ते खूप जगले, आणि तृप्त होऊन गेले.

आजही सुगी झाल्यावरचा पहिला रविवार बोरखडीत नथूबाबांचा असतो. त्या दिवशी प्रार्थनेला पाळक उभे राहत नाहीत. ज्याला बोलायची सगळ्यात जास्त भीती वाटते, त्याला उभं करतात. तो कितीही अडखळू दे, कुणी शब्द पुरवत नाही. बाहेर जेवण निवतं, लहान पोरं पेंगतात, पण कुणी हलत नाही.

आणि एरवीही, बोरखडीत बोलता बोलता कुणी अडखळलं, तर ऐकणारा हातातलं काम बाजूला ठेवतो आणि खाली बसतो.