वाटेवरचं मीठ

फार पूर्वी, घरातल्या वस्तू घरधनिणीशी बोलत असत तेव्हाची गोष्ट. हिमालयातल्या एका गावाबाहेर यमुनामाय राहत असे. तिच्या घरापासून रस्त्यापर्यंत खडीची लांब वाट होती. थंडीतल्या एका सकाळी वाटेवर काचेसारखा बर्फ गोठला, आणि नेमक्या तेव्हाच तिच्या सुनेला, तुळसाला, कळा सुरू झाल्या. सुईण केसरबाई खाली रस्त्यावर येऊन पोचली. पण वाटेवर पाऊल टाकलं की घसरत होती.

यमुनामायनं बर्फावर फावडं मारलं.

"बाई गं, दात पडतील माझे!" फावडं कळवळलं.

बर्फाखालून खडी ओरडली, "हे झाकण तेवढं काढा, केसरबाईंचं पाऊल मी धरते."

"मी केलं असतं सैल," मोठ्या मडक्यातलं मीठ फुरंगटून म्हणालं, "पण आज तुमचं अळणी व्रत. सकाळपासून माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मला शिवाल तर व्रत मोडेल हो!"

यमुनामायनं देवाकडे पाहून हात जोडले आणि ती हसली. "वेडं कुठलं! व्रत माझ्या जिभेचं आहे, वाटेचं नाही. चल!"

मडकं रिकामं होईपर्यंत तिनं मीठ पसरलं. बर्फ भुसभुशीत झाला, फावड्यानं तो बाजूला लोटला, खडी वर आली आणि केसरबाई खडखड चालत घरात शिरली.

दुपारी नात रडली आणि सगळं घर हसलं. दमलेली केसरबाई खिचडीचा घास घेऊन म्हणाली, "माय, मीठ विसरलीस की गं!"

"विसरेन कशी? त्यावरूनच तर चालत आलात!"