वेशीवर अडलेली सरकारी मोटार

डोंगरसोंडच्या राजाची मोटार राजाच्याच वेशीवर अडकली होती, आणि तिला अडवलं होतं राजाच्याच हुकमाने!

झालं असं, की राजे फत्तेजंगराव म्हणतील ती पूर्व दिशा. धुराने राजवाड्याच्या भिंती काळवंडल्या, तशी त्यांनी दवंडी पिटवली, की निर्धूर दाखल्याशिवाय एकही वाहन शहरात येणार नाही. वाहनाच्या मागे पांढरं फडकं बांधायचं, वडाच्या पारापासून वेशीपर्यंत यायचं. फडकं पांढरं राहिलं तर दाखला, नाहीतर चालते व्हा. वर ऐटीत म्हणाले, सरकारांच्या मोटारीलाही हाच कायदा. आता बोलून बसले की हो!

सकाळपासून चार फडकी तव्याच्या बुडासारखी काळी झाली होती. मिस्त्रीने यंत्र खोलून पुसलं, भटजींनी त्याला अंगारा लावला. धूर काही हटेना. तिकडे राजवाड्यात शेजारचा राजा पंगतीला येऊन बसलेला. पायी गेलं तर तो जन्मभर हसणार, आणि हुकूम मोडला तर सगळं गाव हसणार. शिपाई मोटार ढकलायला धावले, तर राजेसाहेब कडाडले, "माझी मोटार काय हातगाडी आहे? खबरदार माणसाचा हात लागला तर!"

मोटारीच्या मागे हौसा नावाच्या एका पोरीची बैलगाडी खोळंबली होती. गाडीत काठोकाठ जांभळं. दिवस मावळेतो ती बाजारात पोचली नाहीत तर त्यांचा नुसता चिखल होणार आणि हौसाचा सारा हंगाम मातीत जाणार. तिच्या गाडीलाही दाखला मिळाला नव्हता. का? तर दाखले देणारे शामजीपंत म्हणाले, की फडकं यंत्राच्या मागे बांधायचं असतं, आणि बैलगाडीचं यंत्र म्हणजे बैल. म्हणून त्यांनी फडकं थेट बैलाच्या शेपटीखाली धरलं. बैल बिचारा वडापासून वेशीपर्यंत किती कळ काढणार? फडक्याचं काय झालं ते मी सांगत नाही, कोणी जेवायला बसलं असेल. वर हेच पंत तिची जांभळं मूठमूठ उचलून खात होते, आणि ते बघून हौसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

शेवटी राजेसाहेब वैतागून ओरडले, की फडकं न मळता जो कोणी मोटार वेशीत नेईल, त्याला मागेल ते देईन.

हौसा पुढे आली. "सरकार, दाखला कुणाला हवा? मोटारीला, का तिच्या पोटातल्या यंत्राला?"

"अर्थात मोटारीला!"

"मग ते यंत्र जरा निजू द्या."

मोटार आणि मागोमाग बैलगाडी वडाच्या पाराशी परत गेली, आणि तिथे मिस्त्रीने यंत्र बंद केलं. हौसाने गाडीचे बैल सोडले, सोलाच्या जाड दोराने जू मोटारीच्या पुढे बांधलं. मग आपली जांभळांची गाडी मोटारीच्या मागच्या कड्याला अडकवली. मोटारीच्या नळकांड्याला एक कोरं फडकं बांधलं, दुसरं आपल्या गाडीच्या मागे.

शामजीपंत तोंडातलं जांभूळ गिळून आडवे आले. या बैलांना दाखला नाही, हे आत कसे जातील, असं त्यांनी बजावलं.

हौसा म्हणाली, "पंत, कायद्यात वाहन आहे. मोटार हे वाहन, तिच्या मागे फडकं आहे. गाडी हे वाहन, तिच्याही मागे आहे. बैल तर दोन्हींच्या पुढे चाललेत. ते वाहन असतील तर सांगा, मग सरकारांच्या मोटारीत ज्या घोड्यांची ताकद आहे म्हणतात, त्या घोड्यांचे दाखले कुठे आहेत तेही विचारू."

राजेसाहेब मिशीत हसले आणि म्हणाले, "हाक!"

वडापासून निघाली वरात! पुढे बैल, मध्ये मोटारीत सरकार, मागे जांभळं. माणसाचा हात कुठे लागला नाही. वेशीत दोन्ही फडकी सोडली, तर दोन्ही बगळ्याच्या पंखासारखी. पंतांनी मुकाट दोन दाखले लिहिले.

पण राजेसाहेबांचा हट्ट कुठला जायला! ते म्हणाले, "थांब पोरी. मोटार तर स्वतःहून जागची हललीसुद्धा नाही. ओढली बैलांनी. मग दाखला मोटारीला का द्यायचा?"

मोटारीचा दाखला गेला तर मागोमाग हौसाच्या गाडीचाही जाणार, आणि जांभळंही. पण तिने पदर खोचला.

"सरकार, राज्यात नेहमी असंच तर चालतं. ओढतो एक, दाखला मिळतो दुसऱ्याला. तुम्ही दाखला मोटारीलाच द्या. बैलांना वैरण द्या, म्हणजे झालं!"

राजेसाहेब आधी चमकले. मग असे हसले, असे हसले, की पागोटं सावरायला दोन्ही हात लागले. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला, की आजपासून बैलांना फडकं नाही आणि बैलगाडीला वेस कायमची खुली. हौसाच्या बैलांना जन्मभर सरकारी पागेतली वैरण. जांभळं सगळीच्या सगळी राजवाड्याच्या पंगतीला, दुप्पट भावाने.

"आणि पंतांनी खाल्लेली?" हौसाने विचारलं.

"ती पंतांच्या पगारातून!" राजेसाहेब म्हणाले, आणि पुन्हा हसत सुटले.