आवटींच्या गाडीला मुदत

दिनकर आवटी यांनी एका कारखानदाराची परदेशी गाडी अठरा वर्षं चालवली होती. मालकाच्या मुलांनी ती भंगारात काढली, तेव्हा आवटींनीच ती विकत घेतली. सोसायटीच्या आवारात गाडी जॅकवर चढवून ते रोज काही ना काही खोलायचे, पुसायचे, बदलायचे.

दोन महिने झाले तशी अध्यक्ष शितोळे यांनी सभा बोलावली. गृहस्थ निवृत्त तहसीलदार, पण आवाजातली कचेरी अजून गेली नव्हती.

"जी गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहत नाही, जिचे निम्मे भाग बदललेत, ती भंगारच! उद्या क्रेन येऊन उचलून नेईल."

आवटींचा चेहरा उतरला. तरी ते हात जोडून उठले.

"साहेब, गेल्या वर्षी तुमचे दोन्ही गुडघे बदलले. तीन महिने तुम्हालाही स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नव्हतं. आम्ही काही नवा अध्यक्ष आणला नाही, तुम्ही बरे व्हायची वाट पाहिली. माझ्या गाडीला तेवढीच मुदत द्या."

सभेत हशा पिकला. शितोळे आधी लाल झाले, मग गुडघ्यावरून हात फिरवत तेही हसले.

"दिले तीन महिने! पण आवटी, पहिल्या फेरीला तुमच्या शेजारी मी बसणार."