महाराजांच्या कपाळावरच्या तीन आठ्या

चिंचगडच्या धवलराव महाराजांच्या कपाळावर तीन आठ्या पडल्या आणि अख्ख्या दरबाराचं धाबं दणाणलं!

झालं असं, की तसबीर काढायला परमुलखातला एक चितारी आला. त्यानं महाराजांना उभं केलं आणि आठ्यांसकट रंगवलं. महाराजांनी कागद टराटरा फाडला. नेमका त्याच आठवड्यात लखूशेट नावाचा सौदागर काचेच्या बारा कुप्या घेऊन दरबारात हजर झाला.

"महाराज, हा तारुण्यरस! पोकळ सुईनं कपाळात भरायचा. कपाळ कसं लोण्यासारखं होईल!"

"मग भरा की!" महाराज राजवैद्य त्र्यंबकशास्त्र्यांकडे वळले.

शास्त्रीबुवा दोन पावलं मागे सरकले. "मी... मी नाडीचा माणूस, महाराज. सुईचं काम वेशीवरच्या हौसाक्काचं. लोकांच्या पायांतले काटे काढते ती."

झालं! हौसाक्काला बोलावणं गेलं.

तीस वर्षं हौसाक्कानं पायच बघितले होते. भेगा, काटे, आत वळलेली नखं. माणूस दारात आला की तिची नजर आधी खाली जायची, मग तोंडाकडे.

"महाराज, मी पायांची बाई," ती हात जोडून म्हणाली. "डोळ्यांच्या इतक्या जवळ सुई घालायची म्हणजे..."

"पाय काय, कपाळ काय, शेवटी कातडीच ना! आठ दिवसांत शीक. औषधही तूच पारखून घे. आठव्या दिवशी आठ्या दिसल्या, तर चिंचगडची हद्द सोडायची. आणि कपाळ बिघडलं, तर हद्द सोडायला पाय राहणार नाहीत!"

हौसाक्का घराकडे निघाली. घरी लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली. तिला घेऊन जायचं तरी कुठं?

पण रडत बसेल ती हौसाक्का कसली! लखूशेटकडून तिनं सुई धरायला शिकून घेतली, पारखायला म्हणून एक कुपी मागून आणली आणि बाजारातून दोन भोपळे घेतले. एकात रस टोचला, दुसऱ्यात विहिरीचं पाणी. तीन दिवसांत हात चांगला बसला. पाण्याचा भोपळा टणक तो टणकच राहिला. रसाचा मात्र टोचल्या जागी काळा पडला, आणि पाचव्या दिवशी त्याला असा वास सुटला की लेकीनं नाक धरून तो उकिरड्यावर भिरकावला.

"आई, हे महाराजांच्या कपाळात घालणार?"

"कपाळ माझं!" हौसाक्का म्हणाली. "पण भोपळ्याची साक्ष दरबार ऐकायचा नाही गं. शेटच्याच तोंडून वदवायला हवं."

आठवा दिवस उजाडला. दरबार गच्च भरला. हौसाक्कानं सुई हातात घेतली आणि भोळा चेहरा करून विचारलं, "शेट, एवढं मोलाचं औषध. उरलंसुरलं ठेवू कुठं? चुलीमागच्या फडताळात चालेल?"

"अगं वेडे!" लखूशेट ओरडला. "हा रस बर्फातच ठेवायचा! घटकाभर ऊन लागलं तरी विष होतं त्याचं!"

"अगंबाई! मग तुम्ही आणलात कसा?"

"उंटावरून! दोन महिने, चैत्र-वैशाखाच्या उन्हातून! महाराजांसाठी एवढे हाल सोसले!"

"आणि उंटावर बर्फ?"

लखूशेट घाईघाईनं कुप्या गोळा करायला लागला.

"घटकाभर उन्हानं विष होतं, तर दोन महिन्यांच्या उन्हानं काय होत असेल?" हौसाक्कानं सुई पुढे केली. "आधी तुमच्याच कपाळात भरून बघू?"

शेटनं दोन्ही हातांनी कपाळ झाकलं!

"या लबाडाला कुप्यांसकट हद्दीबाहेर काढा!" महाराज गरजले आणि सिंहासनावरून उतरून तरातरा तिच्याकडे निघाले. "आणि तू! रस खोटा निघाला, पण आठ्या खऱ्या आहेत. त्यांचं काय?"

हौसाक्काची नजर सवयीनं खाली गेली. जरीची टोकदार मोजडी. उजवा पाय टेकला, तिनं वर पाहिलं, तर कपाळावर तीन आठ्या! डावा टेकला, कपाळ साफ! पुन्हा उजवा, पुन्हा तीन!

तिची भीती कुठल्या कुठे पळाली. "महाराज, औषध सापडलं! उजवी मोजडी काढा!"

"भर दरबारात? महाराजांना?" शास्त्रीबुवा किंचाळले.

महाराज मात्र ओशाळले. हळूच म्हणाले, "कसं कळलं तुला? दोन महिने जीव जातोय. पण राजा लंगडतो असं कुणी म्हणू नये, म्हणून..."

"म्हणून दात आवळून सरळ चालता. आवळलेले दात लपतात, महाराज, आठ्या लपत नाहीत." तिनं मोजडी उतरवून पाय मांडीवर घेतला, तळवा निरखला आणि मान डोलावली. "कुरूप!"

"काय म्हणालीस? मी कुरूप?"

"तुम्ही नव्हे, महाराज! तुमच्या तळव्यात आहे. हे बघा, करंगळीखाली, हरभऱ्याएवढं!"

गरम पाणी आलं, मीठ आलं. पाय चांगला भिजला, तशी हौसाक्काची नखं काढायची नराणी अलगद फिरली आणि कुरूप मुळासकट बाहेर! महाराजांनी पहारेकऱ्याच्या ऐसपैस वहाणा घातल्या आणि दरबाराला एक फेरी मारली. मग दुसरी. मग तिसरी. कपाळ कोरं करकरीत! चितारी रंग कालवायला धावला.

"हौसाक्का," महाराज म्हणाले, "एवढे वैद्य, एवढे सरदार, एवढे कारभारी. एकालाही हे दिसू नये?"

"कसं दिसणार, महाराज? ते सगळे रोज तुमच्या पाया पडतात. पण पाया पडताना डोळे मिटतात हो!"

महाराजांना असं हसू फुटलं, की त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला! चिताऱ्यानं तेच हसू रंगवलं. हौसाक्काला वेशीवर छप्पर घातलेला दगडी ओटा मिळाला, पाणी तापवायला तांब्याचा बंब मिळाला, आणि लेकीच्या बाळंतविड्यात महाराजांनी आपल्या गळ्यातला मोत्यांचा कंठा ठेवला.